निपाणीची फियाट: चार कॅप, तीन धातू

गाडी १९७० सालची फियाट ११०० डिलाइट. मुक्काम निपाणी, मालक निवृत्त विज्ञान शिक्षक. नंबर अजून ‘एमवाय’पासून सुरू होणारा, म्हणजे म्हैसूर राज्याच्या काळातला, राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. इंजिन ठणठणीत, रंग जुना पण धड. तक्रार चाकांची. चारही व्हील कॅप, म्हणजे चाकांच्या मधोमध बसणारी चकचकीत झाकणं, निस्तेज झालेल्या, एकीवर तर पिवळट चट्टे आणि तांबूस ओघळ. तुळशीचं लग्न झालं की घरात नातीचं लग्न होतं, आणि नवरी आजोबांच्या फियाटमधूनच निघणार हे घरात आधीच ठरलेलं. सरांचं म्हणणं सरळ होतं: “नव्या नकोत. आहेत त्याच उजळून द्या. जमणार नसेल तर आत्ताच सांगा की ओ.”

मी बेळगावात, उद्यमबागेत धातूच्या पॉलिशचं काम करतो. रोजचं काम मशीनच्या भागांचं. जुन्या गाड्यांचं अधूनमधून येतं ते ओळखीतून. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण दुरून एकसारख्या दिसणाऱ्या चार कॅप तीन वेगवेगळ्या धातूंच्या निघाल्या. एकाच डबीतलं पॉलिश घेऊन चारही घासल्या असत्या तर एक सुधारली असती, एक होती तशी राहिली असती आणि उरलेल्या दोन बिघडल्या असत्या. घासायचं कसं हे कुणीही सांगतं. वर थर कशाचा आहे आणि तो किती उरलाय, हे आधी पाहणारे कमी.

चार कॅप तीन प्रकारच्या कशा झाल्या, यात नवल नाही. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. तिने १९६४ पासून डिलाइट बनवली, सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं, आणि थोड्याफार फरकाने ती विसावं शतक संपेपर्यंत निघत राहिली. आपल्याकडे तिला कायम फियाटच म्हणतात. इतकी वर्षं निघालेल्या गाडीचे भाग गल्लोगल्ली बनतात. त्यातून कॅप ही नुसती दाबून बसवलेली वस्तू. खड्ड्यात उडते, रानात पडते, चोरीलाही जाते. हरवली की बाजारात जी बसेल ती आणून लावायची. सरांच्या गाडीवर मूळच्या दोनच राहिल्या होत्या.

कॅप ओळखताना

काढताना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला सुती कापडाच्या दोन घड्या गुंडाळल्या आणि कडेला तीन-चार जागी थोडं थोडं उचकटत आलो. एकाच जागी जोर लावला की कड वाकते, आणि वाकलेली कड पुन्हा कधी नीट बसत नाही. मागच्या बाजूला खडूने खुणा केल्या: कुठली कॅप कुठल्या चाकाची.

मग लोहचुंबक. तो तीन कॅपना चिकटला, एकीला नाही. न चिकटलेली अ‍ॅल्युमिनियमची, हे हातात घेताच वजनावरूनही कळतं. उरलेल्या तिन्ही क्रोमच्याच, असं इथे बरेच जण धरून चालतात आणि फसतात. स्टेनलेसला चुंबक लागत नाही ही समजूत स्वयंपाकघरातल्या काही भांड्यांपुरती ठीक आहे. गाडीच्या पट्ट्या-झाकणांना जे स्टेनलेस वापरतात त्यातल्या बऱ्याचशाला चुंबक चांगला चिकटतो. म्हणून कॅप उलटून पाहायची. दोघींची मागची बाजू काळपट, गंजाने खरखरीत झालेली: पोलादाचा पत्रा, पुढून क्रोम. तिसरीची मागची बाजू मळकट, पण धातू तोच, गंजाचा ठिपका नाही. ती स्टेनलेस.

अ‍ॅल्युमिनियमच्या कॅपवर अ‍ॅनोडायझिंग आहे का, हे मल्टिमीटरने पाहिलं. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे धातूवर मुद्दाम वाढवलेला ऑक्साइडचा थर, आणि तो वीज वाहू देत नाही. दोन्ही सुया हलक्या टेकवल्या तर मीटर गप्प राहिला. ओरखड्यात टेकवल्या तर शिट्टी वाजली. म्हणजे थर होता, पण जागोजाग फुटलेला. सरांना हा प्रकार फार आवडला. त्यांनी स्वतः मीटर हातात घेऊन अख्खी कॅप तपासली आणि कुठे थर आहे, कुठे नाही याचा खडूने नकाशा काढला.

पुढच्या लिखाणासाठी नावं देतो. पुढची डावी ती पहिली: मूळची क्रोमची, निस्तेज, बारीक तांबूस ठिपके. मागची उजवी ती दुसरी: तीही मूळची, तिच्यावरच पिवळे चट्टे आणि ओघळ. मागची डावी तिसरी: स्टेनलेस, एक पोचा आणि भरपूर ओरखडे. पुढची उजवी चौथी: अ‍ॅल्युमिनियम, धुरकट, पांढुरके डाग.

गंज कुठून आला

समुद्र इथून घाटाखाली आहे आणि आपल्या रस्त्यावर बर्फ वितळवायला कुणी मीठ टाकत नाही. निपाणीचा पाऊस खानापूरच्या पावसापुढे काहीच नाही. मग क्रोमला मिठाच्या हवेत येतात तसे सुईच्या टोकाएवढे ठिपके का? आणि डावीकडच्या पहिल्या कॅपवर ते एकाच अंगाला दाट का?

गाडी जुन्या तंबाखूच्या वखारीत उभी असते. सरांच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. आता शेतात ऊस आणि सोयाबीन. पुढच्या डाव्या चाकाशेजारी भिंतीला लागून खताच्या पोत्यांची थप्पी होती. एका पोत्याची शिवण उसवलेली, आणि टायर व भिंतीच्या मधल्या फटीत गुलाबी-तांबूस खडे सांडलेले. ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. वजनाने त्यात जवळजवळ निम्मं क्लोराइड असतं, मिठात असतं तेच. तंबाखूच्या पिकाला जाणता शेतकरी हे खत देत नाही, क्लोराइड वाढलं की पान नीट जळत नाही. त्याला सल्फेटवालं पोटॅश लागतं. वखारीत तंबाखू असता तर हे पोतं तिथे आलंच नसतं. उसाला मात्र ते चालतं.

मी एवढं बोललो आणि सर आत गेले. शाळेच्या दिवसांतली सिल्व्हर नायट्रेटची काळी बाटली त्यांनी कपाटात जपून ठेवली होती. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच, म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. कॅपचा ठिपकेदार भाग त्या पाण्याने धुऊन ते एका परीक्षानळीत घेतलं, दुसऱ्या नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब. दुसरी स्वच्छ राहिली, पहिलीत दह्यासारखा पांढरा साका लगेच उतरला. “सिल्व्हर क्लोराइड,” सर म्हणाले, आणि पोती त्याच संध्याकाळी परड्यातल्या छपराखाली गेली. पॉलिशच्या कामात निदान इतकं पक्कं हाती लागणं विरळाच. नाहीतर आम्ही आपले ‘दमट हवा’ म्हणून मोकळे होतो.

चौथ्या कॅपवरचे पांढुरके डाग वेगळे. दिवाळीआधी वखारीला चुना मारतात, त्याचे शिंतोडे. अ‍ॅल्युमिनियमला आंबटापेक्षा अल्कली जास्त खाते. ओल्या चुन्याचा थेंब वाळेपर्यंत ऑक्साइडचा थर कुरतडून जातो. क्रोमच्या कॅपवरही असेच शिंतोडे होते, तिथून ते नखाने खरवडून निघाले.

पहिली कॅप: जितकं कमी तितकं बरं

क्रोमच्या कॅपवर काय काय असतं हे माहीत असेल तर पुढचा संयम आपोआप येतो. खाली पोलाद. त्यावर कधी तांबं असतं, कधी नसतं. त्यावर निकेल, साधारण १० ते ३० मायक्रॉन. सगळ्यात वर क्रोम, पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉन धरला तर क्रोमचा थर त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. आरशासारखी जी झळाळी आपण क्रोमची म्हणून पाहतो ती खरं तर निकेलची. क्रोम तिच्यावर निळसर झाक आणतं आणि तिला काळवंडू देत नाही. क्रोम कानशीलाही दाद देत नाही इतकं कडक, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यांतून ओल खाली जाते, निकेलमध्ये बारीक भोक पाडते, पोलादापर्यंत पोचते, आणि तिथला गंज फुगून त्याच भोकातून वर येतो. म्हणून तांबूस ठिपका पाहिला की क्रोम गेलं असं समजायचं कारण नाही. बहुतेक वेळा क्रोम जागेवर असतं आणि गंज त्याच्यावर सांडलेला असतो.

आधी धुणं. सरांच्या भाच्याचं म्हणणं होतं की कॅप सरळ हुपरीला नेऊ, तिथे चांदीचे पैंजण उजळून देतात तशा याही देतील. हुपरी निपाणीहून हाकेच्या अंतरावर आणि त्यांचे तिथे सोयरे. पण चांदीची गोष्ट वेगळी, तिचा धातू आरपार तोच असतो. त्यांचा पितळी तारांचा ब्रश क्रोमवर फिरवला तर ओरखडे फारसे येणार नाहीत, पण पितळाचा पिवळा हात राहील. रिठ्याचं पाणी मात्र मी हुपरीवाल्यांकडून आनंदाने घेतो. ते सौम्य असतं, वंगण सोडवतं आणि कडेच्या खाचेत साबणासारखा पांढरा थर ठेवत नाही. ब्रेकची काळी भुकटी आणि ग्रीस आधी थोड्या डिझेलने, मग रिठ्याच्या कोमट पाण्याने, दाढीच्या जुन्या ब्रशने.

धुऊन वाळल्यावर सोनाराच्या भिंगाने पाहिलं. घुमटाचा वरचा भाग जवळजवळ शाबूत. ठिपक्यांची खरी गर्दी घुमटाभोवतीच्या खोलगट रिंगणात. हेही ठरलेलंच. प्लेटिंगच्या, म्हणजे विजेने धातूचा थर चढवायच्या, हौदात वीज उंचवट्यांकडे धावते आणि खोलगट कोपऱ्यांत क्रोम पोचता पोचत नाही, त्यामुळे तिथला थर मुळातच अशक्त असतो.

गंज काढायला घेतली पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल. तळहाताएवढा तुकडा चुरगाळून गोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि अंगठ्याच्या जोराने, एका दिशेने, चार बोटं जागेतच फिरवायचा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे क्रोमवर चरा पडत नाही. थोड्या वेळात पाणी करडं-तांबूस होतं आणि त्याला धातूचा वास येतो. अ‍ॅल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन ओढून घेतं असं रासायनिक कारण सांगितलं जातं आणि ते खोटं नाही, पण माझ्या अनुभवात मोठा वाटा त्या चुरगळलेल्या कडांच्या खरवडण्याचाच. कोला ओतून घासायचा सल्लाही सगळीकडे मिळतो. त्यातलं सौम्य फॉस्फोरिक आम्ल थोडी मदत करतं, साखर चिकटून बसते. साधं पाणी पुरतं.

पुसून पाहिलं तेव्हा रिंगणात तांबूस जाऊन सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरले होते. ती भोकं आहेत. पुढे कितीही घासलं तरी भोक भरत नाही, आजूबाजूचा थर तेवढा झिजतो. इथे थांबायचं. हे गिऱ्हाइकाला पटवणं हाच या कामाचा अवघड भाग असतो. सरांना पटवावं लागलं नाही, त्यांनी भिंग मागून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे हे देवीचे व्रण. राहू देत.”

क्रोमसाठी मिळणारं बारीक पॉलिश मऊ कापडावर घेऊन एकच हात. ब्रासोच्या वाटेला गेलो नाही. त्यातली भुकटी आणि अमोनिया पितळेसाठी असतात, पातळ क्रोमवर रोज रोज फिरवायची ती चीज नव्हे. मागची बाजू मात्र बिनधास्त सोलली. एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं ते. त्याचा फडका फक्त मागच्या बाजूला, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, मग कडक ऊन. त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर आणि अ‍ॅल्युमिनियम पेंट. पुढून कार्नौबा मेण दोनदा, रिंगणात कापूसकाडीने, म्हणजे त्या भोकांची तोंडं निदान काही महिने बुजतील. झळाळी येते पुढून, कॅप टिकते मागून. मागची बाजू तशीच सोडून दिलेल्या कॅप मी इतक्या पाहिल्यात की आता मी काम मागूनच सुरू करतो.

तिसरी कॅप: इथे मशीन चालतं

स्टेनलेसवर कुठलाच थर नाही, जो धातू वर तोच खाली. त्यामुळे हिच्यावर हात मोकळा सोडता येतो. आंबोलीच्या घाटात दगड उडून पोचा आला होता असं सरांच्या घरी सांगतात. वाळूच्या पिशवीवर कॅप उपडी ठेवून नायलॉनच्या हातोडीने पोच्याच्या कडेकडून मध्याकडे हलके ठोके देत आलो. स्टेनलेस ठोकलं की ताठ होत जातं, म्हणून ठोके मोजके आणि विचार करून. पोचा पंधरा आणे निघाला.

मग पाणी लावून पॉलिश पेपर, आकडा वाढेल तसा बारीक: ४००, ६००, ८००, १०००, १५००. प्रत्येक पेपर आधीच्याच्या आडवा फिरवायचा, म्हणजे मागचे चरे पुरते गेले की नाही ते दिसतं. एक पायरी गाळली की ते चरे शेवटी चकाकीतून डोकं वर काढतात. त्यानंतर बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक. आधी सायझलचं, म्हणजे घायपाताच्या धाग्याचं चाक, मग सुती, आणि हिरवा बफिंग साबण.

मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या मोटरवर सहा इंची चाक असलं की चाकाची कड सेकंदाला वीस मीटरपेक्षा जास्त वेगाने धावते. कॅपची वरची कड त्या चाकात अडकली तर कॅप हातातून सुटते आणि कुठे जाईल याचा नेम नसतो. चाकाने कडेवरून बाहेर निघून जायला हवं, कडेत शिरायला नको, अशा बेताने धरायचं. डोळ्यांवर गॉगल. सैल बाही किंवा सुती हातमोजा अजिबात नको, चाक तो हातासकट ओढतं. स्टेनलेस उष्णता लवकर पसरू देत नाही, एकाच जागी दाबून धरलं तर पिवळसर डाग पडतो. बोटाला गरम लागलं की जागा बदलायची. शेवटी तांदळाच्या पिठीने साबणाचा चिकटपणा पुसून घेतला. ही आमच्या शेडमधली जुनी रीत, पुस्तकात आहे का ठाऊक नाही.

चौथी कॅप

हिच्याबाबत दोन मतं होऊ शकतात. अ‍ॅनोडायझिंग जागोजाग फुटलं होतं, चुन्याचे डाग खोल गेले होते. अर्धवट थरावर पॉलिश केलं तर जिथे थर नाही तिथे चमक आणि जिथे आहे तिथे धुरकट, अशी चित्त्याची कातडी होते. एक पर्याय तसंच राहू द्यायचा, दुसरा अख्खा थर काढायचा. सरांना आधीच सांगितलं: काढला तर आरसा होईल, पण कवच जाईल, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हात फिरवावा लागेल. त्यांनी नातवाकडे पाहिलं. नातू हो म्हणाला.

कॉस्टिक सोडा, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास, प्लास्टिकच्या टबात, उघड्यावर. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. रबरी हातमोजे, गॉगल, शेजारी पाण्याची भरलेली बादली, आसपास विडी-काडी नाही, कारण यातून हायड्रोजन निघतो. कॅप बुडवल्यावर सुरुवातीला फक्त ओरखड्यांतून बुडबुडे आले, बाकी शांत. थर विरघळत गेला तसे ते पसरत गेले, आणि सगळ्या अंगावर सारखी खळखळ सुरू होताच कॅप बाहेर. त्यापुढे राहू दिली असती तर सोड्याने धातूच खाल्ला असता. वर काळी काजळी येते, ती फडक्याने निघते. मग ६०० पासून पेपर आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियमचं पॉलिश. फडकं काळंकुट्ट झालं की समजायचं धातू उघडा आहे आणि काम होतंय. हिला मी मोठ्या बफवर धरलं नाही. पातळ, मऊ पत्रा, एकदा ओढला गेला की संपला.

दुसरी कॅप, जिचं लग्नाआधी काही होणार नव्हतं

पिवळ्या चट्ट्यांची चौकशी केली तेव्हा कळलं की गाडी धुणाऱ्या पोराने न्हाणीघराच्या फरशीचं अ‍ॅसिड लावलं होतं. फरशी लखलखते, तर कॅप का नाही, हा त्याचा हिशेब. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि क्रोम त्यात सरळ विरघळतं. प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला तेच वापरतात. चट्ट्यांचा पिवळेपणा म्हणजे उघडं पडलेलं निकेल. ते एव्हाना काळवंडायला लागलं होतं, आणि जिथे निकेलही पातळ होतं तिथून पोलादाचा गंज ओघळत होता. दोन जागी थराचा पापुद्रा उचललेला, नखाने हलणारा. अशा कॅपला बफ दाखवायचा नाही, पापुद्रा धरून चाक अख्खी साल काढतं.

इलाज एकच, नव्याने प्लेटिंग. ते घरच्या घरी करायचे किट मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. पारंपरिक क्रोमच्या हौदातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि ते पाणी परसातल्या मोरीत सोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत सोडणं. उद्यमबागेतल्या प्लेटिंगवाल्यांचं पोट ठोक कामावर चालतं, एकुलता एक नग घ्यायला कुणी राजी नसतं. एक जण तयार झाला, तोही ‘दुसऱ्या लॉटबरोबर टाकतो’ या बोलीवर. म्हणजे लग्नानंतरच.

त्याला मी कागदावर लिहून दिलं: जुने थर पूर्ण उतरवायचे, खड्डे भरेपर्यंत तांब्याचा जाड थर, तो घासून सपाट, लागलं तर पुन्हा तांबं, मगच निकेल आणि क्रोम. हे लिहून द्यावं लागतं. प्लेटिंगने खड्डे झाकले जातात असं लोकांना वाटतं, पण खड्ड्यावर निकेल चढवलं की खड्डाच चमकायला लागतो.

तोवर लग्नापुरती डागडुजी: उचललेले पापुद्रे ब्लेडने हलकेच कापले, ओघळ फॉइलने काढले, निकेलवर पॉलिशचा एक हात आणि जाड मेण. पिवळेपणा तसाच राहिला.

बसवताना

क्रोम निळसर, स्टेनलेस किंचित करडं, अ‍ॅल्युमिनियम पांढुरकं. तिन्ही शेजारी ठेवले तर फरक कुणालाही दिसतो, आणि तो कुठल्याही पॉलिशने जात नाही. पण गाडीची एका वेळी एकच बाजू दिसते. नवरी डाव्या बाजूने चढणार, फोटो त्याच बाजूने. म्हणून डावीकडे पहिली आणि तिसरी, म्हणजे मूळचीच जागा. त्या दोघींतला फरक चार पावलांवरून कळत नाही. उजवीकडे पुढे चौथी, मागे दुसरी. एकसारख्या चार कॅपसाठी चांगल्या दोन मोडीत काढायचा हट्ट सरांनी केला नाही, केला असता तर मी काम सोडलं असतं. बसवण्याआधी चाकांचे बोल्ट तपासून घेतले, हे काम कॅप बाहेर असतानाच होतं. कॅप तळहाताने गोल फिरत दाबायची; हट्टी असेल तर रबरी हातोडी, तीही कडेवर, घुमटावर कधीच नाही.

लग्नात गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं फुटली, कुंकू-हळदीची बोटं चारही कॅपवर उमटली. त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा एवढं सांगून ठेवलं होतं, विशेषतः चौथी.

पुढचा पावसाळा ओसरल्यावर मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पहिलीच्या रिंगणात एखाद-दुसरा नवा ठिपका, फॉइलचा एक हात दिला की जाणारा. पोती हलवल्यावर एका अंगाला दाटी होणं थांबलेलं. तिसरी जशीच्या तशी. चौथी धुरकटली होती, नातवाचा उत्साह परीक्षेपर्यंतच टिकला. दुसरी प्लेटिंग होऊन आली ती देखणी, खड्डे बुजलेले, पण घुमटाभोवतीच्या खोल रिंगणात तिरप्या उजेडात पिवळसर झाक दिसते. तिथे या वेळीही क्रोम पुरतं पोचलेलं नाही. मेण तिथे जास्त लावायला सांगितलंय.

आता सर बंपरचं विचारतायत. बंपरला मागून हात लावून पाहिला तर पत्रा बोटाखाली खचतो. त्याला आधी वेल्डर हवा, म्हणून तो मी अजून घेतलेला नाही.